अमृतधारेच्या वासाची बाटली आणि माझ्या तीन बॅच : साडेतीन स्टार

झाकण उघडलं की पहिला वास येतो तो अमृतधारेचा. आमची आजी करायची घरी, ओवाफूल, पुदिनाफूल आणि भीमसेनी कापूर, तिन्ही सुक्या वस्तू एका बाटलीत टाकायच्या आणि हलवत बसायचं, न पाणी न आग, आपोआप पातळ होतं. पोट दुखलं की दोन थेंब बत्ताशावर. तर ही जी बाटली मी आणली, कोंबड्यांना पाण्यातून द्यायचं वनस्पती-तेलाचं लिक्विड, ती सोलापुरातल्या पोल्ट्री औषधाच्या दुकानातून, एक लिटर १३५० रुपये, वर कोंबडीचा फोटो आणि हिरवं पान, आणि आत वास आजीच्या कपाटाचा. मी मामाला (शेडवर राहतात ते, नात्याने मामा नाहीत पण दहा वर्षं मामाच म्हणतो) वास दिला तर मामा म्हणले, "हे तर आपलं ओव्याचं हाय की ओ, ह्याला तेराशे कशाला?"

मामा अर्धे बरोबर आहेत. त्यावर खाली येतो.

आधी सांगतो मी कोण, म्हणजे कुणाच्या तोंडून ऐकताय ते कळेल. सोलापूरजवळ मंद्रूपच्या पुढं आमची शेती, दोन शेड, प्रत्येकी १५०० पक्षी, ब्रॉयलर. कॉन्ट्रॅक्टवर आधी केलं चार वर्षं, आता स्वतःचं करतो, पिल्लं स्वतः आणायची, खाद्य स्वतः घ्यायचं, माल स्वतः विकायचा आणि रेट पडला की स्वतःच डोक्याला हात लावून बसायचं. कॉन्ट्रॅक्टमध्ये औषध कंपनीचा सुपरवायझर ठरवतो, तिथे तुम्हाला हा प्रश्नच पडत नाही. स्वतःचं असलं की पडतो. बाटलीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण ह्याच रंगाच्या बाटलीत ह्याच डोसचा माल तीन-चार नावांनी मिळतो, आणि मला ना जाहिरात करायचीय ना कुणाची बदनामी. हा रिव्ह्यू पाण्यातून द्यायच्या वनस्पती-तेलाच्या लिक्विडचा आहे असं समजा, ओरेगॅनो, लवंग, निलगिरी, पुदिना असं मिश्रण.

घ्यायची वेळ का आली ते सांगतो. आपल्याकडे बॅच टाकली की सवयच असते, पिल्लं उतरली की पहिल्यांदा गुळपाणी, आणि मग तीन ते पाच दिवस एन्रो, म्हणजे एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक. कुणी सांगितलं? कुणीच नाही, शेजारचा देतो म्हणून आपण देतो. मग बारा-तेरा दिवसांनी विष्ठा जरा पातळ दिसली की निओ-डॉक्सी. लासोटा ह्या राणीखेतच्या लसीनंतर श्वासात खरखर ऐकू आली की टायलोसिन, हीपण अँटिबायोटिकच. मीपण हेच करत होतो. गेल्या वर्षी एका बॅचला ईकोलाय जंतूचा रोग आला, लिव्हरवर पांढरा पडदा, हृदयावर पडदा, एन्रो दिलं काही फरक नाही, डबल दिलं तरी नाही. डॉक्टरांनी नमुना कल्चरला पाठवला, म्हणजे जंतू वाढवून कुठलं औषध चालतं ते बघायला. रिपोर्ट आला तो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे, डाव्या बाजूला औषधांची नावं आणि उजवीकडे आर, आर, आर, आर, मग कुठंतरी एक एस. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला जुमानत नाही; एस म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध चालतं. एन्रोपुढे आर. मी ज्याच्यावर दर बॅचला पैसे घालत होतो तेच. डॉक्टर म्हणले, "दादा, तुम्ही आजारी नसताना देलालाव म्हणून आजारी पडल्यावर चालेना झालंय." डॉक्टर मूळचे पुण्याकडचे, शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकून आलेले, पण इथं राहून देलालाव-घेलालाव शिकलेत.

आणि ही नुसती आपल्या शेडची गोष्ट नाही. कोलिस्टिन आठवतं का, पुडीवर पुडी यायची, वाढीसाठी म्हणून खाद्यात टाकायचे? ते माणसाच्या दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून ठेवलेलं औषध आहे, बाकी काहीच लागू पडत नाही तेव्हा देतात. सरकारने जुलै २०१९ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं. युरोपात तर वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद, स्वीडनने त्याच्याही आधी, १९८६ लाच. आपल्याकडे १ एप्रिल २०२५ पासून एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, नवे नियम लागले, काही अँटिबायोटिक मांस-दूध-अंड्याच्या उत्पादनात कुठल्याच टप्प्यावर वापरायची नाहीत. आता मंद्रूपला येऊन कोण तपासतंय हा वेगळा विषय, पण दुकानदाराने ह्याच नियमाचं नाव घेऊन मला ही बाटली दाखवली हे खरं. "आता पुढं हेच चालणार आहे भाऊ, हर्बल."

हर्बल ह्या शब्दाची मला खरंतर ॲलर्जी आहे. पण डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी थोतांड म्हणून उडवलं नाही. ओरेगॅनोत कार्व्हाक्रॉल असतं, थाईममध्ये आणि आपल्या ओव्यात थायमॉल असतं, लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनामाल्डिहाइड. कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल ही सख्खी भावंडंच, रचना जवळपास एक. जंतूच्या बाहेरचं जे आवरण असतं ते स्निग्ध असतं, हे तेल त्याच्यात घुसतं, आवरण गळकं होतं आणि आतला माल बाहेर यायला लागतो. शिवाय पक्ष्याच्या पोटात पाचक रस जास्त सुटतो, म्हणजे आपण जेवणानंतर ओवा चघळतो तेच. मामांचं अर्धं बरोबर म्हणलं ते इथं. आजीच्या अमृतधारेतलं ओवाफूल म्हणजे थायमॉलच की, शुद्ध स्फटिक.

मग ओवाच उकळून का देऊ नये? दिला. खोटं कशाला बोलू, बाटली आणायच्या आधी दोन दिवस मी मार्केट यार्डातून किलोभर ओवा आणून काढा करून दिला. शेडभर घमघमाट, पिल्लांनी पाणी प्यायलं पण, पण अडचण अशी की हे तेल उडतं, उकळलं की निम्मं वाफेत जातं, शेडवर वास जितका जास्त तितकं पिल्लाच्या पोटात कमी असं डॉक्टर हसत म्हणले. आणि काढ्यात तेल किती उतरलं ते मोजणार कसं? कधी जास्त कधी कमी. वर गाळ निपलमध्ये, म्हणजे पिल्लं चोच लावून पाणी पितात त्या पाईपवरच्या तोट्यांमध्ये. दोन दिवसात नाद सोडला.

आता बाटलीचं परीक्षण. पहिली तक्रार लेबलची. मागे लिहिलंय ओरेगॅनो तेल, लवंग तेल, निलगिरी तेल, पुदिना तेल आणि पुढे क्यू. एस. क्यू. एस. म्हणजे पुरेसं लागेल तेवढं. अहो पण किती? कार्व्हाक्रॉल किती टक्के? हे तेल झाडाप्रमाणे, कापणीच्या वेळेप्रमाणे, कुठल्या मातीत वाढलं त्याप्रमाणे बदलतं, एका लॉटमध्ये भरपूर आणि दुसऱ्यात नावाला असं होऊ शकतं. खताच्या पोत्यावर एनपीके लिहिल्याशिवाय आपण पोतं उचलत नाही आणि इथं १३५० रुपये लिटरच्या बाटलीवर पुरेसं लागेल तेवढं! ह्याच्यासाठी मी पूर्ण एक स्टार कापलाय आणि मला त्याचं काही वाटत नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणला कंपनीचं सिक्रेट असतं. असू दे.

दुसरी गोष्ट, काचेच्या ग्लासची टेस्ट, ही कुणीही करू शकतं. स्वच्छ ग्लासात पाणी घ्या, चार थेंब टाका, ढवळा. फिनेल टाकल्यावर पाणी जसं दुधाळ होतं तसं झालं पाहिजे. मग तो ग्लास रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी वर तेलाची कडा दिसली, चकचकीत वर्तुळ, तर समजायचं तेल पाण्यात नीट मिसळलेलं नाही, म्हणजे टाकीत वरचं वर राहणार आणि टाकी संपत आली की शेवटच्या पाण्यात एकदम दणका बसणार. मी दोन बाटल्या घेतल्या होत्या सुरुवातीला, एक ९०० ची आणि एक ही. ९०० वाल्याला सकाळी कडा आली, वरून बोट फिरवलं तर बोटाला जळजळ. हिला नाही आली, सकाळपर्यंत दुधाळच. ह्या टेस्टवरूनच ही पसंत केली, लेबलवरून नाही.

पहिली बॅच जानेवारीत टाकली, गड्ड्याची जत्रा संपत आली होती तेव्हा, पोरं रोज संध्याकाळी जत्रेला न्या म्हणून मागे आणि मी ब्रूडिंगमध्ये, पिल्लांना ऊब देण्यात, अडकलेलो. थंडीतली बॅच, पाणी गार, पडदे बंद, तसा सोपा काळ. एका शेडला नेहमीचं वेळापत्रक, एन्रो वगैरे. दुसऱ्या शेडला एकही अँटिबायोटिक नाही, फक्त हे लिक्विड. डोस पाच लिटर पाण्याला एक मिली. रोज नाही दिलं, पहिले पाच दिवस, मग प्रत्येक लसीनंतर एक दिवस सोडून पुढचे दोन-तीन दिवस, मग खाद्य बदलताना, प्री-स्टार्टरवरून स्टार्टर, स्टार्टरवरून फिनिशर, आणि शेवटच्या दहा दिवसात एक आड एक. लसीच्या आदल्या दिवशी, लसीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बंद. लस जिवंत असते, त्या पाण्यात क्लोरीनही नको आणि जंतू मारणारं तेलही नको, हे लेबलवर लिहिलंय पण इतक्या बारीक अक्षरात की मामांना सोडा मलाही चष्म्याशिवाय दिसलं नाही.

पहिल्या दिवशी पिल्लं पाणी कमी प्याली, हे खरं. चोच लावायची, मान झटकायची, परत लावायची. मला वाटलं संपलं. मग डोस निम्म्यावर आणला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सरावली. तेव्हापासून मी पहिला दिवस निम्माच देतो.

निकाल ३९ व्या दिवशी काटा झाला तेव्हाचा. तेलाच्या शेडमध्ये ५८ मेले, सरासरी वजन २ किलो १८० ग्रॅम, एफसीआर (किलोभर वजनाला किती किलो खाद्य लागलं तो आकडा) १.६६. नेहमीच्या शेडमध्ये ६३ मेले, वजन २ किलो १५०, एफसीआर १.६९. खाद्य दोन्हीकडे १०४ पोती आणि वर थोडं. म्हणजे तेवढ्याच खाद्यात तेलाच्या शेडने ५४ किलो माल जास्त दिला, त्या दिवशीच्या रेटने जवळपास पाच हजार रुपये. बाटली एक लागली, तळाला थोडं उरलं, म्हणजे पक्ष्यामागे नव्वद पैसे. नेहमीच्या शेडचं अँटिबायोटिकचं बिल ह्याच्यापेक्षा थोडं जास्तच झालं.

पण थांबा, लगेच उड्या मारू नका. माझी ती एन्रोवाली शेड पश्चिमेच्या बाजूला आहे, दुपारनंतरचं ऊन तिलाच लागतं, आणि एका बॅचमध्ये तीस ग्रॅमचा फरक पिल्लांच्या लॉटनेसुद्धा पडतो. त्यामुळे तेलानेच वाढलं असं मी छातीठोक सांगणार नाही. मला जे पटलं ते वेगळंच, की एन्रो न देता काहीही बिघडलं नाही. इतकी वर्षं जे भीतीने देत होतो ते न देता पिल्लं उभी राहिली. आणि तेलाच्या शेडमधलं खाली अंथरलेलं तूस शेवटपर्यंत कोरडं राहिलं, मूठभर उचलून दाबलं तर गोळा होत नव्हता, हाताला अमोनियाचा वासही कमी. मामा रोज दोन्हीकडे फिरतात, वजनाच्या आधी मामांनीच सांगितलं होतं की "हिकडं डोळं चुरचुरत न्हाईत."

उन्हाळ्यातली बॅच पटकन सांगतो. मे महिना, सोलापूर, ४३ डिग्री, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पक्षी खाद्य सोडून नुसतं पाणी पितात, दुप्पट-अडीचपट. आता बाटलीवरचा डोस लिटर पाण्याला आहे, म्हणजे पाणी दुप्पट प्यायलं की औषधही दुप्पट गेलं की नाही? हे ना दुकानदाराने सांगितलं ना लेबलने. वर टाकी काळी, पत्र्यावर, दुपारी पाणी चहासारखं, त्यात उडणारं तेल टाकायचं म्हणजे पैसे वाफेवर टाकायचे. मग मी पहाटेच्या टाकीतच देतो, पाच ते नऊ, जेवढं चार तासात पितील तेवढ्याच पाण्यात, आणि दिवसभर साधं पाणी, व्हिटॅमिन सी, इलेक्ट्रोलाईट, बर्फाच्या लाद्या. दुकानदार म्हणत होता पुदिन्याने उन्हाळ्यात थंडावा मिळतो. एके दुपारी दोन तास लाईट गेली, जनरेटर सुरू होईना, ४१ पक्षी गेले तोंड उघडं टाकून. पुदिन्याने पंखा फिरत नाही.

आता मुख्य तक्रार, आणि ह्यात निम्मी चूक माझी आहे हे आधीच कबूल करतो.

सप्टेंबरची बॅच. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरातच, आठ दिवस शेड ओलं, पडदे वर करावे तर झड, खाली करावे तर कोंदट. दोन्ही शेडला तेल चालू केलं होतं, कारण आता भरवसा बसला होता. चौदाव्या दिवशी मामांचा फोन, निपल गळतायत. जाऊन बघितलं तर एका ओळीत पंधरा-वीस निपलमधून थेंब थेंब पाणी सुरू, काही पूर्ण बंद. एक निपल खोलला, आतून शेवाळासारखा चिकट काळपट-तपकिरी पडदा निघाला, नखाने ओढला तर शेवईसारखा लांब आला. आमचं बोअरचं पाणी जड, त्यात वर्षानुवर्षं गुळपाणी, व्हिटॅमिन, औषधं सगळं त्याच पाईपमधून गेलेलं, पाईपच्या आतल्या भिंतीला हा थर साचलेला असतो, बायोफिल्म म्हणतात. तेलाने तो थर सैल केला, तुकडे सुटले आणि निपलच्या पिनेत येऊन बसले. म्हणजे औषध काम करत होतं हो, पण पाईपवर!

ही गोष्ट बाटली विकताना सांगायला नको का? की आधी लाईन धुवून घ्या, मोकळ्या शेडमध्ये, बॅच नसताना, हायड्रोजन पेरॉक्साईडने, आणि मग तेल सुरू करा. एका वाक्याचं काम. जानेवारीत हे झालं नाही कारण तेव्हा तेल एकाच शेडला होतं आणि तिची लाईन त्याच्याआधी नवी टाकलेली. हे मला नंतर सुचलं.

तर निपल गळाले, खालचं तूस भिजलं, दोन हात रुंद ओली पट्टी शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओल, ऊब आणि पिल्लं. कॉक्सीला, म्हणजे आतड्यातून रक्त पाडणाऱ्या परजीवीला, ह्याच्यापेक्षा जास्त काय लागतं? कॉक्सीचे जे अंडाणू विष्ठेतून पडतात ते ओल्या उबदार तुसात एक-दोन दिवसात पिकतात आणि मग पिल्लाने चोच मारली की पोटात. अठराव्या दिवशी सकाळी तुसात लाल ठिपके. मी दुकानदाराला फोन लावला, डॉक्टरांना नाही, इथं चूक माझी. तो म्हणला, "काय घाबरलालाव ओ, डबल डोस मारा की, ओरेगॅनो कॉक्सीवर बेस्ट." मारला. दुसऱ्या दिवशी ११ मेले. तिसऱ्या दिवशी २६. तेव्हा कुठं डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी शेडच्या बाहेर कट्ट्यावर पक्षी उघडला. सीकम, म्हणजे आतड्याच्या शेवटी ज्या दोन पिशव्या असतात त्या, फुगून गडद लाल, कात्री लावली तर आत नुसतं रक्त, गोठलेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, काही बोलले नाहीत. ॲम्प्रोलियम, कॉक्सीवरचं औषध, सुरू केलं, ओलं तूस काढून कोरडं पसरलं, व्हिटॅमिन के दिलं. अजून तीन दिवस लागले. दोन्ही शेड मिळून ११२ गेले आणि जे राहिले ते मागे पडले, ३९ ला दोन किलोसुद्धा भरेना, ४३ व्या दिवशी काढावा लागला माल.

नंतर चहा पिताना डॉक्टर बोलले. ओरेगॅनोचा कॉक्सीवर थोडाफार परिणाम दिसतो हे त्यांनीही मान्य केलं, पण आतड्यातून रक्त येत असताना तेलावर विसंबायचं नसतं. आणि दुसरं असं की पाण्यातून मोकळं दिलेलं तेल आतड्याच्या पहिल्या भागातच शोषलं जातं, सीकमपर्यंत पोचतच नाही फारसं. रोग तळघरात आणि औषध दारातच संपलं, हे माझे शब्द.

ह्यावरूनच कोटेड पावडरचं कळलं. बार्शीकडे माझा एक मित्र आहे, तो मका-सोया आणून खाद्य स्वतः मिक्स करतो, मॅश, म्हणजे भरड्याचं. तो तेलाची पावडर वापरतो, प्रत्येक कणावर चरबीचं आवरण, त्यामुळे तेल उडत नाही, आणि आवरण आतड्यात हळूहळू विरघळत जातं म्हणून तेल खालपर्यंत पोचतं. वासही बाटलीच्या मानाने अगदी मंद, आणि तीच चांगली खूण म्हणे. तत्त्वतः पाण्याच्या लिक्विडपेक्षा हे बरं. पण मी तयार पेलेट, म्हणजे गोळीचं खाद्य घेतो, त्यात वरून पावडर टाकली तर ती पोत्याच्या तळाला जाऊन बसते. जे स्वतः खाद्य बनवतात त्यांनी बाटलीच्या मागे न लागता पावडर बघावी, माझ्यासारख्यांना पाण्याशिवाय रस्ता नाही.

लोक एक प्रश्न हमखास विचारतात म्हणून लिहितो, चिकनला वास येतो का? नाही येत. पहिल्या बॅचचे दोन पक्षी घरी नेले होते. वहिनीला आधी काही सांगितलं नाही. काळा मसाला घालून रस्सा, कडक भाकरी, बाजूला शेंगाची चटणी. जेवण झाल्यावर विचारलं काही वेगळं लागलं का, तर म्हणली मीठ जरा कमी पडलं. मग सांगितलं. तर दुसऱ्याच दिवशी तिने माहेरी फोन करून सांगितलं की आमच्याकडची कोंबडी बिनऔषधाची आहे. पण बाजारात ह्याचा छदाम जास्त मिळत नाही बरं का. सोलापूरच्या चिकनवाल्याला सांगून बघितलं की ह्या मालाला अँटिबायोटिक दिलेलं नाही. त्याने पक्षी उचलला, छाती दाबली, म्हणला "रेट तोच, वजन सांगा."

तर स्टार साडेतीन का. एक पूर्ण लेबलसाठी गेला. अर्धा गेला पाईपलाईनबद्दल अवाक्षर नाही म्हणून. ११२ पक्ष्यांचे मी बाटलीकडून कापले नाहीत कारण आजारी पक्षी बरे करते असं बाटलीवर कुठंच लिहिलेलं नाही, ते दुकानदार बोलला आणि मी ऐकलं. सवयीचं एन्रो ज्या दिवसांत चालायचं, पिल्लं ठणठणीत असतानाचे ते दिवस, तिथं हे लिक्विड चांगलं चालतं, पचन सुधारतं, तूस कोरडं राहतं, आणि कल्चरच्या रिपोर्टमधले एस जिथं आहेत तिथं राहायची शक्यता वाढते. रोग लागल्यावर डॉक्टर, पीएम (मेलेला पक्षी उघडून तपासणी), आणि लागलं तर त्यांनी सांगितलेलं अँटिबायोटिक पूर्ण कोर्सचं, आणि विक्रीच्या आधी जेवढे दिवस बंद ठेवायला सांगतात तेवढे दिवस बंद. मी ऑक्टोबरच्या बॅचला एकदा दिलं असं, डॉक्टरांच्या चिठ्ठीने, लाज वाटली नाही.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. बाटली वापरून झाकण घट्ट लावा, आमच्याकडे मामांनी एकदा अर्धवट लावलं आणि आठ दिवसांनी वास निम्मा झालेला. आणि मोजायला प्लास्टिकचं स्वस्त माप वापरू नका, माझ्या मापावरचे आकडे महिन्याभरात पुसले गेले आणि तळ चिकट झाला, आता काचेचं आणलंय, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबरचं नव्हे, शाळेच्या लॅबमध्ये असतं तसलं.

काल परत गेलो होतो दुकानात. पुढची पिल्लं सोमवारी येतायत, लाईन दोन्ही शेडची पेरॉक्साईडने धुवून झालीय, अजून एकदा साध्या पाण्याने काढायचीय. दुकानदाराने पाच लिटरचा कॅन पुढं केला, लिटरमागे दोनशे रुपये कमी, म्हणला आता तुम्ही रेग्युलर झालाव. मी म्हणलं कॅनवर टक्केवारी लिहिलीय का दाखव. त्याने कॅन फिरवून फिरवून बघितला, चष्मा काढून बघितला. मग मी एक लिटरवालीच घेतली, आणि घरी आल्यावर खिडकीत ग्लास ठेवला.